भाऊंच्या तीन खुर्च्या

भाऊंची गौरविका निघते आहे. पंच्याहत्तरी, शाल, श्रीफळ, आणि मुखपृष्ठावर 'विद्यार्थ्यांचा पाठीराखा'. माझ्याकडे दोन पानांचा लेख मागितला आहे, सोबत पासपोर्ट साइझ फोटो. "तुम्ही म्हणजे भाऊंची गाजलेली केस," असं गौरव समितीतला एक जण फोनवर म्हणाला. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भाऊंच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हेच तर दुखणं आहे.

तर भाऊ कोण, ते आधी सांगते. रत्नागिरीत एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर झेरॉक्सचं एक दुकान आहे, त्याच्यामागे पडवी. त्या पडवीत भाऊ रोज दहा ते साडेपाच बसायचे. मधे एक ते दोन जेवणाची सुट्टी, सरकारी सुट्टीच्या दिवशी बंद. पगार कुणी देत नव्हतं, बोलावलंही कुणी नव्हतं. एका कॉलेजच्या परीक्षा विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून इथं येऊन बसले. काम एकच. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या, किंवा पकडलं असं ज्यांच्याबद्दल म्हटलं गेलं, अशा पोरांना विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे उभं राहायला तयार करायचं. अर्ज लिहून द्यायचा, तालीम घ्यायची, शिक्षा झाली तर अपील लिहून द्यायचं. पैसे घेत नसत. हे लोक फार कौतुकानं सांगतात. मी म्हणते, घेतले असते तर बरं झालं असतं. पैसे दिलेला माणूस निदान तक्रार तरी करतो.

पडवीत तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मधली अध्यक्षांची, डावीकडची सदस्यांची, उजवीकडची सचिवांची. पोरानं समोर उभं राहायचं आणि भाऊ आळीपाळीनं तिन्ही खुर्च्यांवर बसणार. अध्यक्ष झाले की चष्मा कपाळावर आणि डोळे अर्धे मिटलेले. सदस्य झाले की घसा खाकरून एकच प्रश्न, "घरी कोण कोण असतं?" सचिव झाले की नुसतं लिहायचं. हे सगळं पंचावन्न किलोचा, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला, खिशात कार्बन पेपरची घडी असलेला माणूस इतक्या गंभीरपणे करायचा की पहिल्यांदा आलेल्या पोराला हसू आवरत नसे. हसलं की भाऊ उठून सांगत, "हसलास. संपूर्ण परीक्षा रद्द. पुढचा."

मधल्या खुर्चीवर बसायच्या आधी ते ती रुमालानं पुसत. बाकीच्या दोन पुसत नसत. तीस वर्षं नोकरीत त्यांनी फायली समितीच्या दारापर्यंत नेल्या, आत बसायला कधी मिळालं नाही. सगळा खटाटोप त्या मधल्या खुर्चीसाठीच आहे, असं झेरॉक्सवाल्याचं मत होतं. मला ते अजून पटतं.

तालमीचे नियम ठरलेले होते. नजर टेबलावर. वर बघायचं नाही. "वर बघितलंस की त्यांना वाटतं तुला काही म्हणायचंय." विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं की "चूक झाली सर." तिसऱ्या प्रश्नाला रडायचं. पहिल्यालाच रडलं तर ते नाटक, पाचव्याला रडलं तर उशीर झाला. आणि डोळे पुसायचे नाहीत. "पुसलेलं पाणी रेकॉर्डवर येत नाही गो."

अर्जांसाठी एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात चार फायली: आजारपण, निधन, गाडी चुकली, आणि मानसिक ताण. ही चौथी नवीन होती आणि भाऊंना तिचा अभिमान होता. तुमची गोष्ट काय आहे हे ते विचारत नसत. तुमच्याकडे एकदा बघत, आणि एका फाइलीतला नमुना काढून देत. तो फुलस्केपवर, तीन बोटं समास सोडून, स्वतःच्या अक्षरात उतरवायचा. वर टाचणी, स्टेपलर नाही. एकदा दोन सख्ख्या भावांना त्यांनी एकाच वर्षी 'निधन' दिलं. आजी दोघांची एकच, पण एकीकडे ती फेब्रुवारीत वारली आणि दुसरीकडे एप्रिलात. दोघांनाही शिक्षा झाली. भाऊ म्हणाले, "शिंच्यांनी तारखा ताडून बघायला हव्या होत्या." आजी, मला वाटतं, अजून आहे.

बोलणं सगळं फायलीतलं. 'सदर', 'उपरोक्त', 'सविनय'. घरी बायकोला 'सदर आमटी' म्हणतात, असं झेरॉक्सवाला सांगे. मी ऐकलेलं नाही, पण अविश्वासही वाटत नाही.

आता माझी 'गाजलेली केस'.

माझं गाव खाडीपलीकडे. वडिलांची छोटी बोट, आम्ही मासेमारी करणारी माणसं. कॉलेजला यायचं तर होडीतून खाडी ओलांडायची. पाणी भरलेलं असलं की होडी जेटीच्या पायरीला लागते. ओहोटी लागली की ती अलीकडेच चिखलात बसते आणि मग गुडघाभर चिखलातून चालत यायचं. परीक्षेला चिखलाचे पाय घेऊन कोण जाणार? म्हणून बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी मला जेटीवर आठवड्याची भरती सांगितली. आमच्याकडे त्याचा साधा हिशोब आहे. पाणी रोज दोन घटका उशिरा भरतं. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे रोज अठ्ठेचाळीस मिनिटं. हातात नुकतंच मिळालेलं हॉलतिकीट होतं, दुसरा कागद नव्हता. त्याच्या पाठीवर मी लिहिलं: १०.४०, ११.२८, १२.१६, १.०४, १.५२. वार लिहिले नाहीत. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीचे वार कोण लिहितं?

बुधवारी दुपारी तीनला संख्याशास्त्राचा पेपर होता. अर्ध्या तासात भरारी पथक आलं. त्यातल्या मॅडमनी हॉलतिकीट उलटं केलं, आकडे बघितले, वजाबाकी केली, आणि त्यांचा चेहरा उजळला. प्रत्येक दोन आकड्यांत फरक सारखा. त्या दिवशीच्या पेपरात श्रेणीवर प्रश्न होता. मी म्हटलं, "मॅडम, हे पाण्याचं आहे." त्या म्हणाल्या, "पाणी मागून मिळेल, आधी सही कर."

सही एका छापील कागदावर करायची होती. त्यावर लिहिलं होतं: 'माझ्याकडे सापडलेले उपरोक्त साहित्य मी कॉपी करण्याच्या उद्देशाने जवळ बाळगले, हे मला मान्य आहे.' खाली सहीची रेघ. मान्य नसेल तर काय करायचं, त्याला रेघ नव्हती. पर्यवेक्षक हळू आवाजात म्हणाले, "कर सही, काही होत नाही. नवीन उत्तरपत्रिका देतो, उरलेला पेपर लिही." घड्याळ पळत होतं. मी सही केली. हॉलमध्ये पकडलेलं प्रत्येक पोर ती करतं. पेपर लिहायचा असतो ना त्याला.

निकालात माझ्या नावापुढे 'राखीव' आलं, आणि जूनमध्ये सुनावणीचं पत्र. वडिलांनी मला कॉलेजात घालताना साफ सांगितलं होतं, "तीन वर्सा. चौथा मागू नको." ते कठोर म्हणून नाही. माझ्यामागे दोन भावंडं होती आणि बोट एक. परीक्षा रद्द झाली तर माझं शिक्षण तिथंच संपणार होतं, हे मला माहीत होतं, त्यांनाही. मैत्रिणी म्हणाल्या, भाऊंकडे जा. सगळे भाऊंकडेच जातात.

मी वडिलांना घेऊन गेले. भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि 'आजारपण' काढलं.

"भाऊ, ते आकडे भरतीचे होते," मी म्हटलं.

"असतील."

"मग मी कॉपी केलेली नाही."

"अगो, केलीस का नाही ते कोण विचारतंय? तू मान्य केलंस का, ते विचारतायत. केलंस. सही आहे. समितीला निर्दोष पोर आवडत नाही. निर्दोष आलं की त्यांना डोकं चालवावं लागतं आणि जेवायला उशीर होतो. चूक केलेलं, रडणारं, आईबापाचं एकुलतं पोर आलं की ते मोठ्या मनाचे होतात. त्यांना मोठ्या मनाचं होऊ दे."

"मी एकुलती नाही."

"लिहिताना आहेस."

मग वडिलांकडे वळून ते म्हणाले, "तुम्ही येताना फाटका शर्ट घाला."

वडील म्हणाले, "फाटका नाय माझ्याकडं. हिची आयस शिवून ठेवते."

"मग कुणाचा तरी मागून आणा."

वडिलांनी मान खाली घातली. तेव्हा मला भाऊंचा राग यायला हवा होता. आला नाही. मला वडिलांची लाज वाटली, की त्यांना एवढंही कळत नाही. हे लिहिताना आज माझाच मला राग येतो.

मी तो अर्ज स्वतःच्या अक्षरात उतरवला. आईचं पोटाचं ऑपरेशन, मनःस्थिती ठीक नसणे, क्षणिक मोह, चूक मान्य. आई त्या वेळी अंगणात कोळंबीचे सोडे वाळत घालत होती आणि ठणठणीत होती.

तालीम संपली तेव्हा भाऊ खूश होते. चहा मागवला आणि सहज म्हणाले, "तू सही केलीस तो नमुना मीच केलेला आहे. माझ्या नोकरीत. आधी प्रत्येक कॉलेज वेगवेगळं लिहून घ्यायचं, गोंधळ व्हायचा. मी एकच केला. साहेबांनी बशीसकट चहा दिला होता त्या दिवशी. त्याच्यात चूक काढून दाखव."

मी म्हटलं, "मान्य नसलं तर रेघ नाही त्यात."

भाऊंनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "कधी लागलीच नाही."

हा माणूस आधी सापळा करतो आणि मग सापळ्याबाहेर बसून उंदराला कसं ओरडायचं ते शिकवतो, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी चहा प्यायले आणि पाया पडले.

सुनावणी रत्नागिरीतच, गावाबाहेरच्या एका कॉलेजच्या वाचनालयात होती. वडिलांना भाऊंनी आत जाऊच दिलं नाही, शर्ट फाटका नव्हता. मी टेबलाकडे बघत उभी राहिले. अध्यक्षांचं मला आठवतं ते असं: स्टीलचा पेला, बिस्किटाचा चुरा, आणि अंगठी घातलेलं एक बोट. चेहरा आठवत नाही, कारण मी बघितलाच नाही. पहिला प्रश्न, "काय झालं होतं?" चूक झाली सर. दुसरा, "घरी कोण कोण असतं?" सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला मी रडले. छान रडले. पुसलं नाही. बाहेर बाकावर भाऊ डबा मांडीवर घेऊन बसले होते. माझे गाल बघून म्हणाले, "झालं तुझं काम."

काम झालं ते असं: संपूर्ण परीक्षा रद्द, पुढच्या परीक्षेलाही बसायला मनाई. कारण, 'विद्यार्थिनीने दोन वेळा लेखी कबुली दिली आहे.' एक भाऊंनी नोकरीत असताना लिहिलेली, दुसरी निवृत्त झाल्यावर.

पत्र घेऊन मी पडवीत गेले तेव्हा भाऊंनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना आनंद झाला. आनंदच, दुसरा शब्द नाही. "अपीलाला जागा आहे!" म्हणाले आणि ट्रंक उघडली.

मी घरी गेले. बोटी वर ओढलेल्या होत्या, जाळी शिवायचे दिवस. आईनं सुई माझ्या हातात दिली. मी आठ दिवस शिवत बसले. वडिलांनी 'चौथं वर्ष नाही' हे पुन्हा म्हटलं नाही, म्हणायची गरज नव्हती. नवव्या दिवशी जाळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून ते म्हणाले, "मी काय म्हणतो, तू लिवलंस ता पाणीच होता ना?"

"होय."

"मग तसा सांगितलंस का नाय त्यास्नी?"

एवढ्या दिवसांत हे मला पहिल्यांदा कुणी तरी विचारत होतं. भाऊंनी तालमीत वडिलांना पडवीबाहेर बसवलं होतं, अर्जात काय लिहिलंय ते त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. आईचं ऑपरेशन ऐकून आई आतून बाहेर आली. वडिलांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग म्हणाले, "पाणी कुणाचा मान्य-बिन्य करीत नाय. भरायचा तेव्हा भरता."

त्या दुपारी मी माझं अपील लिहिलं. एकच पान. हे आकडे कसले, कुणी सांगितले, हिशोब काय, आणि दोन्ही वेळा सही का केली. भाऊंनी दिलेलं चार पानी अपील, ज्यात गुन्हा पुन्हा एकदा मान्य करून शिक्षा कमी करायची विनंती होती, ते मी चुलीत घातलं. कागद जाड होता, चांगला जळला.

ऑगस्टात अपीलाची सुनावणी झाली. माणसं नवीन, खोली तीच. दाराशी भाऊ होतेच. मी त्यांचं अपील दिलंच नाही हे त्यांना शिपायाकडून कळलं आणि ते उठून उभे राहिले. डबा खाली पडला.

"काय केलंस गो हे? खरं लिहिलंस?"

"होय."

"समितीत खरं सांगायचं नसतं. ते कुठल्याच फायलीत बसत नाही!"

मी आत गेले आणि वर बघितलं. पहिल्यांदा. तीन माणसं होती, त्यातला एक जांभई देत होता. आणि अध्यक्षांच्या डोक्यामागे, भिंतीवर, कॅलेंडर होतं. आमच्याकडे घरोघरी असतं तसलं, पानामागे राशिभविष्य, रेसिपी आणि भरती-ओहोटीचं कोष्टक असलेलं.

"सर," मी म्हटलं, "ते कॅलेंडर काढता येईल?"

अध्यक्षांनी मागे वळून बघितलं, जणू तिथं भिंत आहे हेही त्यांना आत्ताच कळत होतं. शिपायानं कॅलेंडर उतरवलं आणि परीक्षेच्या महिन्याचं पान उलटलं. कोष्टकातले आकडे आणि माझे आकडे शेजारी ठेवले. तंतोतंत जुळले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "यात पाऊण तासाचा फरक दिसतो."

"ते मुंबईचं पाणी, सर. आमच्याकडे आधी भरतं. पण बघा, दोन्हीकडे रोज तसंच पुढं सरकतं."

जांभई देणारे सदस्य रत्नागिरीचेच निघाले. त्यांनी जांभई मिटली आणि म्हणाले, "बरोबर आहे, साहेब. माझे वडील असंच मोजायचे."

"मग सही का केलीत? आणि हा अर्ज? आईचं ऑपरेशन?" अध्यक्षांनी विचारलं.

"ऑपरेशन झालेलं नाही, सर. लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं."

"कुणी सांगितलं?"

दाराबाहेर भाऊ डब्यातून सांडलेला भात गोळा करत होते. मी नाव सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. जाताना मी शिपायाला विचारलं, "हे कॅलेंडर इथं कधीपासून आहे?" तो म्हणाला, "जानेवारीपास्न. कुठं जातंय ते?" म्हणजे जूनमध्येही ते तिथंच होतं. मी टेबलाकडे बघत, छान रडत उभी होते तेव्हाही.

शिक्षा रद्द झाली, निकाल लागला. आता मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवते.

इथं थांबले तर गौरविकेत बसेल. पण भाऊ थांबले नाहीत.

निकालाचं पत्र दाखवायला मी पडवीत गेले, कशाला गेले देव जाणे. थोडं मिरवायचं होतं, खरं तर. भाऊंनी पत्र वाचलं, दोन ठिकाणी वाक्यरचना चुकलीय म्हणाले, आणि मग हसून म्हणाले, "जिंकलो आपण." आपण! मग म्हणाले, "तुझ्या अपीलाची एक प्रत दे गो. अक्षर मोत्यासारखं आहे तुझं." अक्षराची स्तुती केली, एवढ्यावर मी प्रत दिली. बी.एस्सी. झालेली मुलगी मी.

ट्रंकेत पाचवी फाइल आली: भरती-ओहोटी. माझ्या एका पानात भाऊंनी अकरा ठिकाणी 'सदर' घातलं आणि नमुना तयार केला. पुढच्या परीक्षेपासून तो वाटायला सुरुवात. मंडणगडच्या डोंगरातला एक मुलगा, ज्याला समुद्र बघायचा तर एस.टी. धरावी लागते, तो समितीपुढे म्हणाला की पट्टीवर लिहिलेली सूत्रं ही त्याच्या गावच्या भरतीची वेळ आहे. दापोलीच्या एकाच्या मोज्यात रसायनशास्त्र सापडलं, तिथंही भरती. राजापूरच्या एकीच्या चिठ्ठीत इंग्रजी निबंधाचा पहिला परिच्छेद होता. भाऊंनी तिलाही भरतीच दिली. "एकदा चाललेला मुद्दा आहे," म्हणाले. मी तेव्हा एम.एस्सी.साठी कोल्हापूरला होते. झेरॉक्सवाल्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. मेसमधल्या मैत्रिणींनाही सांगितलं, त्याही हसल्या.

त्याच वर्षी आमच्या शेजारची मुलगी पकडली गेली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, वडील नाहीत, आई जेटीवर मासळी विकते. माझं झाल्यापासून आमच्या गावातलं कुणी हॉलतिकिटावर टिंबसुद्धा काढत नव्हतं. तिनं भरती तळहातावर लिहिली होती. पथकानं हाताचा फोटो काढला आणि सही घेतली. तोच कागद, तीच एक रेघ.

ती भाऊंकडे गेली. भाऊंनी तिच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "भरती आता चालत नाही. मागच्या सुनावणीत साहेब रागावले. तू आपली मान्य कर." वर्षभर खोट्या भरत्या वाटून झाल्यावर खरी भरती दारात आली, तर ट्रंकेत तिला जागा नव्हती. तिला रडता येईना. भाऊंनी तिला तीन दिवस तालमीला बोलावलं. तिसऱ्या दिवशी आलं.

मला कळलं तेव्हा मी रात्रीच्या गाडीनं आले. तिच्या आईला बाजार सोडता येत नव्हता, म्हणून सुनावणीला, त्याच वाचनालयात, पालक म्हणून मी आत गेले. भिंतीवर फक्त खिळा होता. कॅलेंडर काढून टाकलेलं. मी उभी राहून सांगितलं की हे खरं आहे, हिशोब मांडून दाखवते, मी स्वतः या खोलीत हे सिद्ध केलं आहे. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला, अगदी भाऊंसारखा, आणि म्हणाले, "मॅडम, ही या वर्षीची सातवी भरती. रत्नागिरी जिल्ह्यात एवढं पाणी नाही."

सदस्य हसले. मी तिच्या कानात म्हटलं, "वर बघ, तू सांग." तिनं बघितलं नाही. नजर टेबलावर, जशी शिकवली होती तशी. तिसऱ्या प्रश्नाला ती रडली.

संपूर्ण परीक्षा रद्द. तिच्या आईनं अपील करू दिलं नाही.

बाहेर बाकावर भाऊ होते, डबा मांडीवर. मी त्यांना नाही नाही ते बोलले. सहा खोट्या भरत्यांनी एक खरी बुडवलीत, असं म्हटलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पण तुझं अपील चांगलं होतं हो. नमुना म्हणून उत्तम होतं." त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. मला त्या माणसाची किळस आली. आणि तो नमुना त्यांच्या हातात कुणी दिला, हे आठवून स्वतःचीही.

परीक्षेच्या दिवसांत मी पर्यवेक्षक असते. माझ्या टेबलावर तोच कागद असतो. 'हे मला मान्य आहे', खाली एक रेघ. मी दोनदा वर लेखी कळवलं की दुसरी रेघ घाला. पोच मिळाली.

गौरविकेचा फोन आल्यावर मी रविवारी जेटीवर गेले. शेजारची ती मुलगी आता तिथं आईच्या जागी बसते. मी सुरमई घेतली आणि म्हटलं, "भाऊंवर लेख मागितलाय. काय लिहू गो?"

"त्यांनी माझ्याकडनं पैसा घेतला नाय," ती म्हणाली. "तीन दिवस चहा पण पाजलान."

"एवढंच?"

ती तुकड्या करत राहिली. मग म्हणाली, "लिही, मला रडायला शिकवलान. आधी येत नव्हता."

तुकड्या पिशवीत घालून तिनं माझ्यापुढे धरल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा बांगडा ओढून घेतला. एवढं बोलताना तिनं एकदाही वर बघितलं नव्हतं. नजर विळीवर होती.